कोरडा केर

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते, तेव्हा आरोग्य खात्यातली बाई आली आणि त्यांच्या बायंडिंगच्या खोलीत वीस सापळे लावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून ती आत शिरली आणि चौदा उंदीर घेऊन बाहेर आली. आईने तिचं नाव ठेवलं उंदीरवाली.

“चौदाच्या चौदा एकाच जातीचे,” ती अंगणात उभ्या उभ्याच म्हणाली. “बारा वर्षांपूर्वी मागच्या टेकडीवर मीच सापळे लावले होते, तेव्हा सहा जाती मिळाल्या होत्या. शिवाय घुबडं, साप, कोल्हे. टेकडी कापली, इमारती झाल्या, बाकीचे गेले. उरला हा एक. ह्याला माणसांची सोबत चालते, आणि काका ज्याने गेले तो विषाणू ह्याच्याच अंगात नीट मुरतो. इतरांच्यात तो गेला तर बहुतेकदा तिथेच संपायचा. आता त्याला जिकडे जाईल तिकडे ओळखीचंच घर.”

“म्हणजे डोंगर पोखरून उंदीरच काढला,” आई म्हणाली आणि एकटीच थोडी हसली.

“पण बाबांना काही चावलं नव्हतं,” मी म्हणाले. “हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठला प्राणी चावला का, ओरखडला का. मी नाही म्हणाले. त्यांचे हातपाय मी स्वतः पाहिले होते.”

“चावायला लागत नाही. लेंड्या वाळतात, मूत वाळतं. झाडलं की धूळ उडते आणि नाकात जाते. खोली कशी झाडायचे ते?”

बाबांचा धंद्यातला एकच कायदा होता: कागदाला पाणी दाखवायचं नाही. ओलं फडकं उंबऱ्याच्या आत येता कामा नये. रोज संध्याकाळी ते कातरणांचा ढीग कोरड्या झाडूने लोटायचे, तेही खिडक्या लावून, कारण वाऱ्याने सुटी पानं उडतात. पिठाची खळ रात्रभर भांड्यात उघडी असायची. हे सगळं मला पाठ होतं. डॉक्टरांनी चावण्याचं विचारलं, मी चावण्याचं सांगितलं. विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर देणं हा मी नेहमी माझा गुण समजत आले.

सांगितलं असतं तर ते वाचले असते का, हे मी तिला विचारलं नाही.

“काकू, ते गेल्यावर आत कोण गेलं होतं?” तिने आईला विचारलं.

“मीच गेले होते की,” आई म्हणाली. “गेल्या मंगळवारी. केवढा केर साचला होता. ह्यांना चाललं नसतं.”

“ओलं करून काढलात?”

“अहो, कागदाच्या खोलीत ओलं? खिडक्या लावून, चांगला कोरडा काढला.”

उंदीरवालीने हातातली पेटी खाली ठेवली. सहा आठवडे लक्ष ठेवा, म्हणाली. ताप आला, पाठ किंवा मांड्या दुखल्या, तर त्याच तासाला निघा. ह्यावर औषध नाही, पण लवकर आलात तर मशीनवर श्वास सांभाळता येतो. दम लागल्यावर आलात तर हातात फार वेळ नसतो.

बाबा दम लागल्यावरच हॉस्पिटलात गेले होते. त्याआधी चार दिवस “जरा कणकण आहे” म्हणत त्यांनी एका शाळेची हजेरीबुकं शिवून पुरी केली. आई त्याच माळेतली. मला तापाची भीती होतीच, पण आई तो लपवेल ह्याची जास्त होती.

मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावू लागले. ती जिना चढताना कुठे थांबते ते ऐकू लागले. बाथरूममध्ये खोकली की दाराशी जाऊन उभी राहू लागले.

“ताप मोजतेस की झडती घेतेस?” ती म्हणायची. “आत काय उंदीर लपवलाय मी?”

“पाठ दुखत नाही ना?”

“सत्तरीला पाठ दुखणारच. नाही दुखली तर डॉक्टरला दाखव.”

पाचव्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. ती भाजी निवडत होती. मी म्हणाले, “आई, केराचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही.”

तिने मान वर केली नाही. “मला तरी कुठे सुचलं? मी तर नंतर जाऊन तोच केर काढला.”

“तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तू गप्प बसलीस तर मी कुणाला काय सांगू?”

तिने उरलेली देठं खुडून संपवली. मग उठून हात धुऊन आत गेली. तिला दुखावलं असं वाटून मी मागे गेले नाही.

त्यानंतर तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी वाचत बसले होते. एकच पान कितव्यांदा तरी. आई दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, पायात चपला, हातात हॉस्पिटलची जुनी फाइल.

“सकाळपासून पाठ दुखतेय,” ती म्हणाली. “आत्ता मोजला. शंभर पॉइंट चार आहे.”

मी उठले, पण हातातलं पुस्तक कुठे ठेवायचं ते सुचेना.

“घाबरू नकोस असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “मीही घाबरलेय. पण चल, लवकर.”