ऐंशीच्या वेगाचा आजार

मी जीप बोलतेय. हॉर्न नाही, मी स्वतः. हॉर्न तर कुणीही वाजवतं.

माझं वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणी आता पत्र्याच्या भावात गेल्यात. मी अजून चालते, आणि चिखल दिसला की माझ्या अंगात येतं. कारखान्यात मला बनवतानाच त्या लोकांच्या डोक्यात चिखल होता. दणकट चासी, जाड स्प्रिंगा, पोटाखाली भरपूर जागा. गुळगुळीत रस्त्याचा विचार कुणी केलाच नव्हता, आणि मीही कधी केला नाही.

माझे मालक म्हणजे ढोरांचे डॉक्टर. डोंगराच्या पलीकडे जिथे रस्ता संपतो, तिथून पुढे त्यांचा दवाखाना सुरू होतो. कुणाची गाय अडली, कुणाच्या बकरीनं दोरी गिळली, की आम्ही निघालो. मागच्या सीटवर त्यांची काळी बॅग. तिच्यात सुया, टाक्यांचा दोरा, आणि कशासाठी ते मला आजवर कळलं नाही, पण एक लांबलचक रबरी हातमोजा.

डॉक्टर फार कमी बोलतात. त्यांचे पेशंटही बोलत नाहीत, त्यामुळे दोघांचं छान जमतं. लंगडं जनावर आलं की ते मालकाला सांगतात, "जरा चालव त्याला." आणि स्वतः वाकून सांध्यावर हात ठेवून बरोबर चालतात. डोळे मिटलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, डॉक्टर गायीला हात धरून फिरायला नेताहेत. पाचेक पावलं झाली की म्हणणार, "इथे." आणि ते तिथेच असतं.

त्यांचा हात हीच त्यांची सगळी विद्या. पुढचं सगळं त्या हातापायी घडलं, म्हणून सांगून ठेवते.

डॉक्टरांच्या साठाव्या वाढदिवसाला चिरंजीवांनी मला पळवून नेलं. चिरंजीव म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसतो आणि संध्याकाळी फोनवर दगडांवर चढणाऱ्या गाड्या बघतो. त्यानं मला गाड्या नटवायच्या दुकानात घातलं. तिथे माझ्या स्प्रिंगा बदलून मला वीतभर उंच केलं आणि पायात चार राक्षसी टायर घातले. वर लाल रिबीन बांधली. मी काचेत स्वतःला पाहिलं आणि खरं सांगते, लाजले.

"बाबा, कशी दिसतेय?"

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. आधी एवढी वर करावी लागत नव्हती. "वा," म्हणाले. "वा वा."

"अहो, मी चढू कशी हिच्यात?" डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, विचारलं. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरातला स्टूल घेऊन प्रवासाला निघायला लागल्या. चढायचं, मग खिडकीतून वाकून स्टूल उचलून मांडीवर घ्यायचा.

डोंगरात मी झकास चालत होते. तिथे वेग तो काय, बैलापेक्षा जरा जास्त. पण आठवड्यातून एकदा लशींची बर्फाची पेटी आणायला हायवेनं जावं लागायचं, आणि हायवेवर मला माझंच कळेना. स्टेअरिंग हलकंफुलकं झालेलं, जणू कुणी त्याचा दोर तोडलाय. शेजारून ट्रक गेला की मी एका बाजूला सरकायची. वळणावर अशी कलायची, की डॉक्टरही सीटवर उलट्या बाजूला कलायचे, मला आधार द्यायला. डॉक्टर सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत मला रेषेत ठेवायचे.

आणि मग तो पूल आला. पुलाच्या सुरुवातीला रस्त्यात एक लोखंडी सांधा आहे. ऐंशीच्या वेगात मी त्याच्यावरून गेले, आणि माझी पुढची चाकं जी काय डावी-उजवी नाचायला लागली! स्टेअरिंग डॉक्टरांच्या हातात थडाथडा हलत होतं. लशींची पेटी आपटली. डॉक्टरांनी हळूहळू वेग कमी केला, मी जवळजवळ थांबले, तेव्हा कुठे नाच संपला.

डॉक्टरांनी मला कडेला घेतलं. इंजिन बंद केलं. आणि स्वतःचे हात समोर धरून पाहिले.

हात थरथरत होते.

अहो, थरथरणारच! एवढा मोठा डोंगर हातात नाचला, तर कुणाचेही थरथरतील. पण डॉक्टर त्या हातांकडे असे बघत होते, जणू कुणाची तरी ओळख पटली. "बाबांचे असेच झाले होते," ते हळूच म्हणाले. डॉक्टरांच्या वडिलांना शेवटी शेवटी चहा कपातून पिता येत नव्हता, तो कपात कमी आणि शर्टावर जास्त असायचा. म्हणजे हा घरातलाच आजार, आता आपली पाळी, असं डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आयुष्यभर मुक्या जनावरांची दुखणी ओळखली, आणि माझं दुखणं स्वतःच्या नावावर लिहून घेतलं!

घरी कुणाला सांगितलं नाही. आवारात उभ्या असलेल्या माझ्यात येऊन बसायचे, काच वर करायचे, आणि बॅगेतली टाक्यांची सुई काढून दोरा ओवायचे. पहिल्याच झटक्यात ओवला जायचा. मग चेहरा आणखी पडायचा.

"आत्ता काही नाही," स्वतःशीच म्हणायचे. "वेग आला की येतं."

वेगावर येणारा हाताचा आजार. असा आजार जगात आहे का, मला माहीत नाही. मी शिकलेली नाही.

हळूहळू त्यांनी टाके घालणं सोडलं. एका म्हशीला तारेनं कापलं होतं, तर मालकाला म्हणाले, "तालुक्याहून नवीन डॉक्टरीण येते, तिला बोलाव." म्हशीचा मालक बघतच राहिला. "डॉक्टर, तुमच्या हातची सवय आहे तिला," म्हणाला. डॉक्टरांनी हात खिशात घातले. परतताना वाटेत फोन लावून त्या नवीन डॉक्टरणीला सांगून टाकलं, की सोमवारी येऊन माझी बॅग घेऊन जा, आता तू सांभाळ.

मी त्यादिवशी मुद्दाम बंद पडले. तेवढंच माझ्या हातात होतं. बॅटरी उतरली असेल म्हणून दुर्लक्ष झालं.

सोमवारच्या आधी दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे डॉक्टर चिरंजीवांना म्हणाले, मला बरं वाटत नाही, लशी तूच आण. चिरंजीव खुशीत निघाले, गाणी लावली. पूल आला. सांधा आला. मी नाचले. चिरंजीवांची गाणी थांबली. कडेला घेऊन त्यानं स्वतःचे हात समोर धरले.

"गेलं," तो म्हणाला. "आजोबांचं मलाही आलं." आणि लशी न घेताच परत फिरला.

मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात नाहीत आणि कपाळ म्हणजे बॉनेट.

दुसरी गोष्ट माणसांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर घडली. आमचे डॉक्टर घरी न सांगता आले होते, माझ्यातून, गल्लीगल्लीनं, सावकाश. "काही सापडत नाही" एवढंच ऐकून बाहेर आले, आणि चिरंजीव मोटारसायकल लावून आत जाताना समोर.

"तू इथे कसा?"

"सर्दी. तुम्ही?"

"मलाही सर्दी."

दोघांचेही हात खिशात. दोघांपैकी कुणी शिंकेना.

"सर्दी आहे, तर हात का लपवतोस?"

"तुम्ही का लपवताय?"

मग दोघं माझ्यात येऊन बसले आणि सगळं बाहेर पडलं.  डॉक्टरांनी मुलाचा हात आपल्या हातात घेतला. आपल्या मुलाचा हात धरून किती वर्षं झाली असतील, देव जाणे.

"माझ्याकडून आलं रे तुला," ते म्हणाले. "पण इतक्या लवकर यायला नको होतं. माझं ठीक आहे, मी काम करून घेतलं. तुझं सगळं व्हायचंय."

"बाबा, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. मी कीबोर्डवर काम करतो. दोन अक्षरं जास्त पडतील, एवढंच."

मी हे ऐकत होते. मला वायपर चालवून डोळे पुसावेसे वाटले. आणि त्याच वेळी दोघांच्या पायाखालून ओरडावंसं वाटलं, की अरे बावळटांनो, खाली बघा!

रविवारी घरात जाहीर झालं. दोन्ही पुरुषांनी गाडी चालवायची नाही. लशी तर आणायच्याच होत्या. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "किल्ली इकडे द्या." सूनबाई केस कापतात, त्यांचं स्वतःचं दुकान आहे, आणि त्यांच्या कात्रीसमोर कुणी मान हलवत नाही. सगळे बसले. डॉक्टरीणबाई स्टूलसकट.

पूल. सांधा. नाच.

सूनबाईंनी दात-ओठ खाऊन मला कडेला आणलं.  त्यांनी हात वर केले. थरथरत होते.

"अगंबाई," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला पण आलं!"

"मला कुठून येणार, आई? मी तुमच्या घरात लग्न करून आलेय! आजोबांचा आजार सासरहून लागतो होय? आणि सकाळीच तुमचे केस कापले, कुठे एक केस तरी वाकडा आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी केसांवरून हात फिरवला. नव्हता.

"मग संसर्गाचा असेल," चिरंजीव घाबरून म्हणाला आणि बायकोपासून थोडा लांब सरकला.

"अरे गाढवा, आम्ही दोघं वर्षानुवर्षं एका ताटात जेवतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला का नाही झाला?"

"कारण तुम्ही गाडी चालवत नाही, आई," सूनबाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

 डॉक्टर सावकाश म्हणाले, "एका गोठ्यातली तीन जनावरं एकदम थरथरायला लागली, तर मी जनावरांना औषध देत नाही. आधी गोठा बघतो."

आणि त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला.

पहिल्यांदाच कुणीतरी मला पेशंट म्हणून बघत होतं.

सूनबाईंनी मला पुलापासून दूर, हायवे सोडून आतल्या मोकळ्या जागेत रांगत रांगत नेलं. डॉक्टर स्टूल, चादर काहीही न घेता सरळ माझ्या पोटाखाली झोपले. "स्टेअरिंग हलव," त्यांनी मुलाला सांगितलं. "गाडी जागेवर. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. सावकाश. चालव तिला."

आणि त्यांनी माझ्या सांध्यांवर हात ठेवला. एकेक करत. डोळे मिटून.

मला आयुष्यात इतकं हळुवारपणे कुणी हात लावला नव्हता. पान्ह्यानं पिळणारे खूप भेटले होते. त्यांचा तळवा एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर जात होता, आणि शेवटी तो पोहोचला त्या आडव्या दांड्यापाशी, जो माझ्या पुढच्या चाकांच्या आसाला चासीशी बांधून ठेवतो, म्हणजे आस इकडेतिकडे सरकू नये. मला उंच केल्यावर तो तिरपा झाला होता. त्याच्या टोकाला बसवलेलं रबर घासून घासून पोकळ झालं होतं. प्रत्येक वेळी स्टेअरिंग हललं, की तिथे खटकन वाजत होतं.

"इथे," डॉक्टर म्हणाले.

माझा दांडा हलत होता. त्यावर ठेवलेला हात अजिबात हलत नव्हता.

दोघी वाकून बघत होत्या. सूनबाईंनी आधी ते पाहिलं. त्यांनी सासूबाईंचा खांदा दाबला.

चिरंजीव स्टेअरिंगवरून खाली उतरला. उडीच मारावी लागली, एवढी मी उंच. "म्हणजे माझ्या गिफ्टमुळे," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही बोलायचं ना! कधीतरी म्हणायचं ना, की चालत नाही नीट!"

डॉक्टर खालूनच म्हणाले, "तू रिबीन बांधली होतीस रे."

गॅरेजमध्ये रबर बदललं, मला पुन्हा होते तेवढं खाली आणलं, जुन्या मापाचे टायर घातले, चाकांची दिशा आणि कोन मशीनवर लावून घेतले. मी माझ्या जुन्या उंचीवर आले. काचेत पाहिलं, तर पुन्हा तीच साधी, बुटकी बाई. बरं वाटलं.

पण डॉक्टरांचं समाधान होईना. सोमवार सकाळ उजाडली तरी ते तेच. "उभ्या गाडीत काही नव्हतंच. वेग आला की येतं."

"मग वेग आणू या," सूनबाई म्हणाल्या.

त्या चालवायला बसल्या. डॉक्टर शेजारी, हातात टाक्यांची सुई आणि दोरा. मागे मायलेक. स्टूल घरीच राहिला.

"अहो, डोळ्यात जाईल!"

"जनावरांच्या पोटात हात घालून सुई चालवलीय मी. गप्प बस."

साठ. सत्तर. मी रेषेत चालले होते. शेजारून ट्रक गेला, मी जागची सरकले नाही. ऐंशी. पूल दिसला. सांधा दिसला. मागे डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मला श्वास नाही, तरी मी तो रोखला. पुढची चाकं सांध्यावर चढली, खट्‌. मागची चढली, खट्‌.

मी नाचले नाही.

"ओवली," डॉक्टर म्हणाले.

 चिरंजीव खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्यानं नाक ओढलं. सर्दी असावी.

नवीन डॉक्टरीण बॅग घ्यायला आली, तेव्हा तिला चहा मिळाला, बॅग नाही. डॉक्टरांनी ती माझ्या मागच्या सीटवर ठेवली आणि आम्ही तिघं त्या म्हशीकडे गेलो. टाके नवीन डॉक्टरणीनंच घातले होते, छान घातले होते. डॉक्टरांनी फक्त हात फिरवून पाहिलं, आणि म्हैस त्यांच्याकडे मान वळवून उभी राहिली.

राक्षसी टायर आता आवारात आडवे पडलेत. वासरं त्यांत पाणी पितात. एका टायरला आता ती लाल रिबीन बांधलीय. डॉक्टर ती काढू देत नाहीत.

तेवढं एकच मागणं आहे तुमच्याकडे. कुणी हौसेनं तुम्हाला वीतभर उंच केलं आणि तुम्ही हायवेवर थरथरायला लागलात, तर थेट स्वतःला म्हातारं ठरवू नका. आधी कुणालातरी खाली वाकून बघू द्या.

आणि आता माझ्या बॉनेटवर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय. डॉक्टर असणार. इंजिन चालू आहे, आणि कप जागचा हलत नाही.