वर्तुळात न मावणारा चेहरा

मी एक कॅमेरा आहे. सुपारीएवढा, लॅपटॉपच्या माथ्यावर चिमट्याने बसणारा. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. शिवलीलाबाईंनी मला दुकानातून चामराजपेटेतील आपल्या घरी आणले, कारण त्यांची मुलगी रूपश्री हिला बी. ए.ची शेवटची परीक्षा घरूनच द्यावयाची होती आणि कॅमेऱ्याने ओळख पटवल्यावाचून प्रश्नपत्रिका उघडणार नव्हती.

रूपश्री जन्मतः दृष्टिहीन. संगणक तिला अक्षरे वाचून दाखवतो आणि ती डावा कान त्याच्याकडे वळवून ऐकते. साहजिकच मला दिसतो तो तिचा डावा गाल. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला मात्र पडद्यावरील वर्तुळात चेहरा समोरूनच हवा असतो. ते वर्तुळ तिला दिसणार कसे?

परीक्षेच्या सकाळी पडताळणी सुरू झाली, तोच शिवलीलाबाई दहीसाखरेची वाटी घेऊन आल्या.

"आई, आत्ता नको गं. तपासणी चालू झालीय."

"स्वल्प थांब. रिकाम्या हाताने कुणी पेपरला बसतं होय?"

त्यांनी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली आणि जाता जाता हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्यासमोर सरळही केला. चूक खरी, पण मायेपोटी झालेली. मला दिसले ते दोन चेहरे मी दाखवले. 'दुसरी व्यक्ती उपस्थित' असा शेरा उमटला आणि पेपर बंद झाला.

संध्याकाळी तिचा वर्गमित्र चंदन याचा फोन आला. आजारामुळे त्याची मान सतत डुलते.

"मशीन म्हणतं, मी शेजाऱ्याचा पेपर बघतोय! शेजारी कोण, तर आमचं मांजर," तो हसला. "मी सूट मागून घेतली. तूही घे, अक्का. कॅमेराच नको."

"आणि उद्या नोकरी देणारा म्हणाला, हिचा पेपर कुणी लिहिला कोण जाणे, तर?"

"म्हणू दे की."

"तुला चालेल, मला नाही. तपासा म्हणावं, पण मला जमेल असं तपासा."

तिने परीक्षेचे काम पाहणाऱ्या त्रिविक्रम सरांना फोन लावला.

"नियम सर्वांना सारखा, बाळ," सर म्हणाले.

"सर, वर्गात तुम्ही मला कशावरून ओळखत होता?"

सरांना हसू आले. "तुझ्या प्रश्नांवरून. निम्मा तास तेच खात होते."

फेरपरीक्षेला ओळख पटवायला यंत्रणेऐवजी सर स्वतः पडद्यावर आले. "रूपश्री, मी पाहतो आहे," असे सांगून त्यांनी ओळखपत्र पाहिले आणि शिकवलेल्या भागातले काही विचारले. उत्तर देता देता तिने सरांनाच उलट प्रश्न केला.

"पुरे! हीच ती," सर म्हणाले. "आता मान हवी तिकडे कर."

पेपर उघडला. तिची बोटे कळफलकावर चालू लागली आणि मी तिचा डावा गाल निमूटपणे दाखवत राहिलो. निकालावर कोणताही शेरा आला नाही. चंदननेही आता तशीच पडताळणी मागितली आहे.

माझ्याआडून पाहणाऱ्यांनो, निरोप घेताना एकच विनंती करतो. मी जागा झालो की माझ्या कपाळावर हिरवा ठिपका उजळतो. तो पाहून डोळस माणूस सावरून बसतो. रूपश्रीला तो कधीच दिसत नाही. तेव्हा तिच्याकडे पाहण्यापूर्वी, आपण पाहतो आहोत हे तिला तोंडाने सांगत जा.