ऐकून घेणारा साहेब

ऋषिराज साहेब पूर्वी कुणाचंच ऐकत नसत, तेव्हा चंदनाला त्यांचा एवढा राग येत नव्हता. केबिनमध्ये जाऊन बोलायला लागलं की ते मोबाइलवर बोट फिरवत राहायचे, मधेच "हं" करायचे आणि आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत "बघू" म्हणून मोकळे व्हायचे. बाहेर पडणारा माणूस मनातल्या मनात एक शिवी हासडून कामाला लागायचा. ऐकलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. त्यात फसवणूक नव्हती.

मग साताऱ्याच्या मुख्य ऑफिसनं त्यांना पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं, आणि साहेब ऐकायला शिकून आले.

डेअरी पलूसच्या अलीकडं, सांगली रस्त्याला लागून होती. चंदना पाटील तिथं पॅकिंग विभागाची शिफ्ट ऑफिसर. तिच्या हाताखाली दुधाच्या पिशव्या भरून क्रेट लावणाऱ्या बायका होत्या, आणि तिच्या डोक्याला एकच घोर होता. पिशव्या भरायचं मशीन जुनं होतं. प्लास्टिकच्या पट्ट्याची नळी होऊन तीत दूध पडायचं आणि दोन तापलेले जबडे मिटून पिशवीचं तोंड बंद करायचे. त्या जबड्यांपुढं एक पारदर्शक झाकण असायचं. झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबायचं. पण पट्टा सारखा अडकायचा, झाकण सारखं उघडावं लागायचं आणि पिशव्या कमी निघायच्या. म्हणून साहेबांनी फिटर सयाजीला सांगून ते झाकण काढून टाकलं आणि झाकण नसतानाही मशीन चालत राहावं म्हणून त्याच्या स्विचला तार बांधून ठेवली. तेव्हापासून बायका चालत्या मशीनमध्ये हात घालून अडकलेला पट्टा ओढत होत्या.

साहेब पुण्याहून आल्यावर चंदना पहिल्यांदा हे सांगायला गेली, तेव्हा त्यांनी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. टेबलामागची खुर्ची ओढून तिच्या समोर आणली. किंचित पुढं झुकून, तिच्या डोळ्यांत बघत, मान हलवत ते सगळं ऐकत राहिले. मधे एकदाही बोलले नाहीत. ती थांबल्यावर सावकाश म्हणाले, "म्हणजे चंदना, तुमचं म्हणणं असं की झाकण नसल्यामुळं बायकांच्या हाताला धोका आहे, आणि तुम्हाला त्याची काळजी वाटते. बरोबर?"

"हो सर."

"हे तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत. मला बरं वाटलं."

चंदनालाही बरं वाटलं. ती खाली आली आणि बायकांत सगळ्यात जुन्या असलेल्या आक्काताईला म्हणाली, "सांगितलंय मी. या खेपेला नीट ऐकून घेतलंय त्यांनी."

आक्काताईनं ओले हात पदराला पुसले आणि पुढचा क्रेट उचलला.

महिना गेला. झाकण स्टोअरच्या खोलीत भिंतीला टेकून तसंच उभं होतं. चंदना पुन्हा वर गेली. पुन्हा ड्रॉवर, पुन्हा खुर्ची, पुन्हा ते झुकणं. शब्दही तेच, "काळजी वाटते, बरोबर?" या वेळी मात्र तिचं लक्ष साहेबांच्या पायाकडं गेलं. डोळे तिच्यावर होते, पण बुटाचं टोक दाराकडं वळलेलं होतं आणि सारखं हलत होतं.

तिसऱ्या खेपेला ती बोलता बोलता मुद्दाम गप्प झाली. वाक्य अर्ध्यातच सोडलं. साहेबांची मान हलतच राहिली. तिच्या गप्प बसण्यालाही ते होकार देत होते. चंदनाच्या कानशिलात रक्त चढलं. इतक्या जवळ बसून, इतक्या प्रेमानं कुणी आपल्याला टाळू शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तोंडावर दार आपटलं असतं तरी चाललं असतं. इथं दार उघडं ठेवून आत भिंत बांधलेली होती.

"नंदीबैलागत मान हलवतंय ते," आक्काताई म्हणाली. "त्याच्या मानंचा आन् कानाचा काय संबंध न्हाई, मॅडम."

चंदना हसली नाही. घरी जाऊन भांडी आपटली. वडील म्हणाले, "एवढं काय झालं?" तर त्यांच्यावरच खेकसली.

त्याच आठवड्यात लीलाबाई तिच्याकडं आली. लीलाबाई म्हसवडकडची, लग्न होऊन इकडं आलेली, आणि बोलायला अगदी कमी. तिनं उजवा हात पुढं केला. मनगटाजवळ जबडा चाटून गेल्याचा लाल पट्टा उठला होता. चंदना कोल्ड रूमचं तापमान बघत होती. हाताकडं एकदा बघून ती म्हणाली, "बर्नॉल लावा. सांगते मी वर." आणि पुन्हा काट्याकडं वळली. लीलाबाई थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग गेली.

दोन दिवसांनी दुपारच्या आत पट्टा अडकला. लीलाबाईनं ओढायला हात घातला आणि जबडा मिटला. ती ओरडली नाही. घशातून एक खरखरीत आवाज आला, तेवढाच. आक्काताईनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. सयाजीनं पान्ह्यानं जबडा उचकटला. पिशवीतलं दूध फरशीवर सांडत होतं आणि चंदना त्या दुधात गुडघे टेकून लीलाबाईचा हात धरून बसली होती.

तिनंच तिला जीपमधनं सांगलीला नेलं. बोटं वाचली, पण मधल्या बोटाचं हाड चुरलं होतं. ते आता वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर चंदनाला साहेबांना काय काय बोलायचं ते सुचत होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला त्यांची हलणारी मानच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्या बायकांना पॅकिंग हॉलमध्ये गोलात बसवलं. स्वतः एका उलट्या क्रेटवर बसले. हातावर हात, पुढं झुकलेले. "आज मी साहेब म्हणून आलेलो नाही," ते म्हणाले. "तुमच्या मनात जे आहे ते बोला. मी फक्त ऐकणार आहे."

एकजण म्हणाली, झाकण लावा. दुसरी म्हणाली, भीती वाटते. तिसरी नुसतीच रडली. साहेबांनी प्रत्येकीकडं मान हलवली. "म्हणजे तुम्हाला भीती वाटते. मला ते जाणवतंय." शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवला. "तुमचं दुःख माझ्यापर्यंत पोहोचलं. आता टँकर बाहेर उभे आहेत. दूध कुणासाठी थांबत नाही. चंदना, लाईन चालू करून घ्या." आणि ते वर गेले.

चंदनानं मशीनकडं बघितलं. जबडा धुऊन पुसून चकचकीत केला होता. झाकण नव्हतं.

तरीही तिच्या तोंडून सवयीनं तेच आलं, "चला, उठा. झाकणाचं मी बोलते पुन्हा. तोवर सुरू तर करू."

कुणी उठलं नाही. आक्काताईनं क्रेट ओढला आणि तो चंदनाच्या समोर आणून त्यावर बसली. हातावर हात ठेवले. पुढं झुकली आणि चंदनाच्या डोळ्यांत बघत सावकाश मान हलवायला लागली.

"म्हंजी मॅडम, तुमचं म्हननं आसं की लाईन चालू करावी. बरूबर?"

"आक्काताई, चेष्टा नको."

"म्हंजी तुमाला वाटतंय आमी चेष्टा करतुय. बरं केलंसा सांगितलंसा."

बाकीच्या बायकांच्याही माना हलायला लागल्या होत्या. एकही हसत नव्हती. चंदनाला आधी सयाजीसमोर अपमान झाल्यासारखं वाटलं आणि ओरडायला तिनं तोंड उघडलं. पण आक्काताईच्या डोळ्यांत जे होतं ते बघून आवाज फुटला नाही. ते डोळे साहेबांवर रागावलेले नव्हते. तिच्यावर रागावलेले होते. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"लीलीनं हात दावला व्हता तुमाला," आक्काताई आता साध्या आवाजात म्हणाली. "सांगते वर म्हनलासा. वर कोन हाय, मॅडम? आमी खाली, त्यो वर, आन् तुमी जिन्यात. जिन्यातनं नुस्तं वर-खाली करताय."

चंदनानं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, एक क्रेट पालथा घातला आणि बायकांच्या गोलात बसली. आक्काताईनं तिच्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली.

मशीनचा आवाज येईना तेव्हा साहेब खाली आले. "काय अडचण आहे?"

"म्हणजे सर," चंदना म्हणाली, "तुमचं म्हणणं असं की काहीतरी अडचण आहे."

साहेबांना आधी कळलं नाही. ते हसले. "चंदना, टँकर उभे आहेत. लाईन चालू करा."

सगळ्या माना एकदम हलल्या. आक्काताई छातीवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, तुमाला टँकरची काळजी वाटती. आमाला ते जाणवतंय."

"हा काय प्रकार आहे?"

"तुमी बोला सायेब. आमी निस्तं ऐकनार हाय."

साहेबांनी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. सगळे चेहरे त्यांच्याकडंच लागलेले, लक्ष देऊन, मायेनं. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. खिशात साताऱ्याचा फोन वाजायला लागला, त्यांनी तो कापला आणि ते ओरडले. पुण्यात शिकलेलं सगळं एका दमात गळून पडलं. एकेकीला घरी बसवीन म्हणाले, चंदनाला कुठं फेकीन ते सांगितलं, बायकांच्या जातीवर आणि अकलेवर बोलले. थुंकी उडत होती. चंदनाला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की समोर एक माणूस उभा आहे. राग तिचाही उसळला होता, पण आता तो धरायला जागा मिळाली होती.

ती उठली. "झाकण स्टोअरमध्ये आहे, सर. सयाजी इथंच उभा आहे. ते बसल्याशिवाय यातली एकही हात लावणार नाही, आणि मीही लावायला सांगणार नाही. हे मी शेवटचं बोलतेय. परत सांगून दाखवू नका. नुसतं करा."

फोन पुन्हा वाजला. साहेबांनी सयाजीकडं बघितलं आणि तोंडानं नाही, हातानंच खूण केली. सयाजी झाकण आणायला गेला. जाताना त्यानं खिशातली पक्कड बाहेर काढली होती. स्विचची तार त्याला आधी कापायची होती.

लाईन चालू झाली. दिवसभर ती हळू चालली, सारखी थांबली, आणि कुणीही हात आत घातला नाही.

आठवडा संपायच्या आत चंदनाच्या बदलीचा हुकूम आला. पाटणच्या दूध संकलन केंद्रावर. कारण दिलं होतं, वरिष्ठांशी संवादात अडथळा. ते वाचून तिनं कागदाचा बोळा केला, पुन्हा उलगडला आणि संध्याकाळी लीलाबाईच्या घरी गेली.

लीलाबाई जोत्यावर बसली होती. हाताला जाड बँडेज. चंदनानं माफी मागायला सुरुवात केली तर ती म्हणाली, "नगा. माफीनं बोट वळत न्हाई." मग तिनं बँडेजचा हात मांडीवर घेतला. "कारखान्यावर सरकारी सायेब असत्यात म्हनं, सांगलीला. मशीन तपासनारं. मला जायाचंय. तुमी येशीला?"

"येते. मी सगळं सांगते त्यांना."

"तुमी न्हाई सांगायचं," लीलाबाई म्हणाली. "तुमी निस्तं संगं या."

सोमवारी दोघी एसटीनं सांगलीला गेल्या. निरीक्षकाच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. ते चष्म्यावरून चंदनाकडं बघून म्हणाले, "बोला मॅडम, काय झालं?" चंदनाचं तोंड उघडलं होतं. तारखा, मशीनचं नाव, साहेबांचं नाव, सगळं जिभेवर होतं. तिनं ओठ मिटले. "त्यांना विचारा," ती म्हणाली. "मशीनमध्ये हात त्यांचा गेला."

लीलाबाईनं बँडेजचा हात उचलला आणि त्या माणसासमोरच्या कागदांवर ठेवला. त्यानं लिहायचं पेन बाजूला केलं.

पुढं डेअरीत तपासणी झाली, नोटीस लागली आणि साहेबांना साताऱ्याला बोलावून घेतलं. चंदनाची बदली मात्र कुणी रद्द केली नाही. ती पाटणला गेली. तिचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं तिला वाटतही नाही. पण त्या सकाळी, सांगलीच्या त्या ऑफिसात, लीलाबाई बोलत होती. अडखळत, मागं-पुढं करत, कुणी मधे न तोडता बोलत होती. आणि चंदना खुर्चीच्या कडेला बसून, मान न हलवता, ऐकत होती.