वळणावरचे दोन हॉर्न

कोमो सरोवराच्या काठाने बस नेताना आमच्या गावच्या वळणावर मी रोज दोनदा हॉर्न देतो. वर स्वयंपाकघरातून आईला रस्ता दिसत नाही, पण तेवढ्यावरून पोरगा सुखरूप असल्याचं कळतं.

आज गाइडबाई ओर्नेला म्हणाली, "एर्मेते, हॉर्न नको हं, मंडळी झोपलीत."

झोपायला एवढ्या लांब आले! पण मी ऐकलं आणि दिवसभर चैन पडेना. मेनाज्जो गावात मंडळी आइस्क्रीम चाटत होती, मी बसभोवती घिरट्या घालत होतो. घरचा फोन कुणी उचलेना.

परतताना वळणावर करकचून ब्रेक दाबला. आई सपाता घालूनच रस्त्यावर उभी होती.

"मेल्या, हात मोडला होता का तुझा? सकाळपासून कठड्यावरून खाली पाण्यात बघतेय मी!"