प्रमिलाबाईंचा पी.पी. नंबर

“अवं कोकिळे, आयकलं काय? आपल्या प्रमिलाबाईच्या देवेंद्रनं म्हणे दिल्लीले सरकारची माहिती इकली, आन् त्याले आता…”

आणि लाइन कटली. देवकाबाईंनी माझी रिसीव्हरखालची खुंटी दोन-चारदा दाबली, “हॅलो, हॅलो” केलं, मला एक थापटी मारली आणि रिसीव्हर ठेवून दिला. आर्वीच्या त्यांच्या बहिणीला, कोकिळाबाईंना, पुढचं काही कळलं नाही. मला मात्र त्या बातमीच्या मागचं पुष्कळ ठाऊक होतं, आणि तेच माझं दुःख आहे.

मी देवकाबाईंच्या घरचा फोन. काळा, जड, आकड्यांच्या चकतीचा. आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. आज जरा मला बोलू द्या.

एक्क्याण्णव साली मी वर्ध्याच्या रामनगरात आलो. देवकाबाईंचे यजमान पुंडलिकराव यांचं बाजारात बी-बियाण्यांचं दुकान. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की लाइनमन दारात आला तेव्हा पुंडलिकराव त्याला वीजबिलवाला समजले. मला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले गेले. देवकाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला आणि कोणी उगाच फोन लावू नये म्हणून माझ्या चकतीला एक चिमुकलं कुलूप घातलं. त्याची चावी माझ्याच डोक्यावर, भिंतीतल्या खिळ्याला.

सगळ्या गल्लीत मी एकटाच. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे ‘पी.पी.’ लिहीत. म्हणजे फोन शेजारी यायचा आणि हाक मारून बोलवायचं. माझा नंबर गल्लीतल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर छापला गेला. कोणाचं लग्न जुळलं, कोणाची सून माहेरी बसली, दवाखान्यात कोणाचा श्वास थांबला, सगळं आधी मला कळे आणि माझ्यानंतर लगेच देवकाबाईंना. माणूस फोनवर बोलायला लागला की त्या मुद्दाम तांदूळ निवडायला तिथंच बसत. पण उन्हातान्हात दुसऱ्याला बोलवायला पळतही त्याच. असं माणूस चौकशीखोर असतं, पण कामाचं असतं.

भिंतीपलीकडे प्रमिलाबाई राहत. रोहण्याच्या शाळेत मास्तरीण होत्या, यजमान लवकर गेले, निवृत्त होऊन इथं आल्या. एकुलता देवेंद्र इंजिनियर झाला आणि दिल्लीला एका सरकारी कार्यालयात लागला. गावोगावच्या लोकांची नावं, घरं, शेतं संगणकावर चढवायचं मोठं काम तिथं चाललं होतं. त्याचा फोन रविवारी सकाळी यायचा. देवकाबाई भिंतीवर लाटण्याने ठोकत आणि प्रमिलाबाई पदराला हात पुसत येत.

सुटीत आला की तो आधी मला भेटे. एकदा माझं कुलूप हातात धरून म्हणाला, “काकू, कुलूप बाकी मजबूत आहे. पण चावी तर तुम्ही खिळ्याले टांगून ठेवली.” देवकाबाई म्हणाल्या, “मंग कुठं ठेवू? चष्म्याबिगर सापडत नाई मले.” तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा माझ्या रुमालावर सांडला. तो डाग अजून आहे.

पुढे तो मोठा झाला. सगळ्या यंत्रणेची आणि तिच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर आली. प्रमिलाबाई विचारत, नेमकं करतोस तरी काय? तो समजावून सांगे. लाखो लोकांची माहिती एका थंडगार खोलीत ठेवलेली असते. कोणी आत यायचं, कोणी किती पाहायचं, हे मी ठरवतो. ज्याला जेवढी खोली लागते तेवढ्याच खोलीची चावी द्यायची. सकाळी आधी पाहायचं, काल कोण आलं, कोण गेलं. सगळ्याची एक नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवायची. इथं आग लागली तर तिथं वाचली पाहिजे.

“मंग आज काय केलं?”

“आज काहीच झालं नाई, आई.”

“तर पगार कायचा देतात रे तुले?”

“काही झालं नाई, त्याचाच.”

दोघंही हसत. माझ्या तारेतून असं हसू गेलं की मलाही बरं वाटे.

त्याच सुमारास त्यानं आईला एक गोष्ट शिकवली. चोर कधी दार फोडत नाही, तो गोड बोलून आत येतो. म्हणून देवेंद्रबद्दल फोनवर कोणालाही काही सांगायचं नाही, मग तो साहेब असो की मंत्री. आणि नुसतं सांगून थांबला नाही, परीक्षा घेतली. एक दिवस आवाज बदलून हिंदीत बोलला, मी मोठ्या कार्यालयातून बोलतोय, देवेंद्रजी गावी कधी येतात? प्रमिलाबाईंनी भोळेपणानं सगळं सांगितलं. दिवाळीला येतो, कोणत्या गाडीनं येतो, त्याला भरीत किती आवडतं. पलीकडून त्याचा खरा आवाज आला, “आई, नापास झाली तू.”

आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणारी बाई ती. तिला हे फार लागलं. पुढच्या खेपेला त्यानं आणखी निराळा आवाज काढला, पण ही ठाम. “हमको कुछ मालूम नहीं जी.” तो आनंदानं ओरडलाच, “आता पास!” त्या दिवशी प्रमिलाबाईंनी देवकाबाईंना शंकरपाळे आणून दिले. कशाचे, ते मात्र सांगितलं नाही. देवकाबाईंना ते शंकरपाळे गोड लागले नसावेत.

मग दोन हजार साली प्रमिलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात. तारीख अचानक अलीकडे आली, शनिवारची. पुंडलिकरावांनी शुक्रवारी फोन करून कळवलं. देवेंद्र एवढंच म्हणाला, “निघालोच, काकाजी.” मिळेल त्या गाडीत उभ्यानं आला. शनिवारी दुपारी दवाखान्यात पुंडलिकरावांच्या शेजारी बाकावर बसला, रविवारी आईच्या डोळ्यात औषध घातलं, संध्याकाळी परत गेला. दोन दिवसांचं येणं. गल्लीत फारसं कोणाला कळलंही नाही.

थोड्या दिवसांनी भर दुपारी मी वाजलो. हिंदी बोलणारा, सभ्य आवाज. प्रमिलाजींना बोलवा म्हणाला. देवकाबाईंनी लाटण्यानं भिंत ठोकली. प्रमिलाबाई काळा चष्मा लावून, भिंत चाचपत आल्या. नेमकं तेव्हाच चुलीवरचं दूध उतू गेलं आणि देवकाबाईंना आत पळावं लागलं. आयुष्यात एवढा एकच फोन त्यांनी अर्धवट ऐकला असेल.

त्यानं विचारलं, “माताजी, पिछले महीने आपका ऑपरेशन था, उस शनिवार को देवेंद्र आपके पास आया था क्या? ठीक से याद करके बताइए, ज़रूरी बात है.”

प्रमिलाबाई गालात हसल्या. मला दिसलं ते. मग ताठ उभ्या राहिल्या, वर्गात राहत असतील तशा.

“नहीं जी. यहाँ कोई नहीं आया.”

“पक्का?”

“पक्का.”

मी तेव्हा वाजू शकलो असतो, खरखरू शकलो असतो, लाइन तोडू शकलो असतो, तर! पण आमच्यासारख्यांना आपल्या मनानं काही करता येत नाही. एरवी वारा सुटला की तुटणारी लाइन त्या दिवशी काचेसारखी स्वच्छ होती.

रविवारी देवेंद्रचा फोन आला. प्रमिलाबाई लहान पोरीसारख्या म्हणाल्या, “काहून रे, साहेबाच्या आवाजात तूच होता न? की दुसऱ्याले बोलाले लावलं? मी पास झाली का नाई?”

या वेळी तो आनंदानं ओरडला नाही. हळूच म्हणाला, “पहिल्या नंबरानं, आई.”

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फोन केला आणि पुंडलिकरावांना मागितलं. देवकाबाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. झालं होतं असं की त्या शुक्रवारी निघताना त्याचं काम अर्धं होतं. ते थांबू नये म्हणून त्यानं आपला गुप्त शब्द, ज्यानं सगळ्या खोल्या उघडतात तो, हाताखालच्या माणसाला सांगितला. त्या माणसानं शनिवारी बंद कार्यालयात बसून लोकांची माहिती उतरवून बाहेर दिली. यंत्रात नोंद झाली ती देवेंद्रच्या नावाची. मी तर आईजवळ होतो, असं देवेंद्रनं सांगितलं. चौकशीवाल्यांनी आईलाच विचारलं.

“आईले मीच शिकवलं होतं नाई म्हणाले, असं सांगतलं मी, काकाजी. तर साहेब म्हणे, हो, शिकवलेलं तर दिसूनच राह्यलं. पटलंच नाई त्याले.”

पुंडलिकराव तडक म्हणाले, “मी येतो दिल्लीले. माझ्यासंग बाकावर होता तू. सांगतो त्याइले.”

“नोका येऊ. तुम्ही आले की ते आईले पुन्हा इचारतील, पहिले खोटं काहून बोलली म्हणून. मंग तिले समजल, तिच्या एका शब्दानं काय झालं ते. आन् चावी तर मीच खिळ्याले टांगून आलतो न, काकाजी.”

रिसीव्हर ठेवल्यावर पुंडलिकराव माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावरच्या खिळ्याकडे बघत बसले. चावी काढून त्यांनी खिशात घातली. त्या दिवसापासून ती खिळ्याला कधी आली नाही, आणि का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

गल्लीतल्या कोणाचा तरी जावई दिल्लीला होता. त्याच्याकडून बातमी आली, आणि देवकाबाईंनी ती कोकिळाबाईंना सांगायला घेतली तेव्हाच लाइन कटली. पण देवकाबाई मनानं वाईट नाहीत हो. कोकिळाबाईंना ऐकवायला बातमी चालली, पण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात बायका देवेंद्रला चोर म्हणाल्या तेव्हा याच त्यांच्यावर धावून गेल्या. तशाच तावातावात घरी आल्या. प्रमिलाबाई इथंच बसल्या होत्या, रविवारच्या फोनची वाट बघत.

“तुम्ही घोर नोका करू, बाई. त्या शनिवारी चोरी झाली म्हणतात. अन् त्या शनिवारी तर पोट्टा तुमच्या उशाशी होता! एका शब्दानं सिद्ध होते. कोणी इचारलंच नसल तुमाले.”

प्रमिलाबाई रुमालावरच्या चहाच्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. मग मी वाजलो. नेहमी झडप घालणारी ती बाई, त्या दिवशी तिनं देवकाबाईंना उचलायला सांगितलं. देवेंद्रचाच होता. आई झोपली आहे, असं सांगा, म्हणाल्या.

दोन महिन्यांनी देवेंद्र सामानसुमान घेऊन परत आला. लोक म्हणत त्याला हाकललं. तसं नव्हतं, त्यानं राजीनामा दिला आणि चौकशी तिथंच मिटली. लोक म्हणत त्यानं माहिती विकली. त्यानं विकली नव्हती, पण दार त्याच्याच चावीनं उघडलं होतं. गल्लीची बातमी अशी थोडी खरी निघाली, आणि जेवढी खरी निघाली तेवढ्यानं त्याची नोकरी गेली. आईला त्यानं सांगितलं, दिल्लीचा कंटाळा आला. आई म्हणाली, बरं केलंस बाबा. बसस्टँडजवळ आता त्याचा संगणकाचा क्लास आहे. पोरांना तो सगळ्यात आधी सांगतो, आपला गुप्त शब्द कोणालाही द्यायचा नाही, कितीही घाई असली तरी.

पुंडलिकरावांनी मोबाइल घेतला आणि माझी तार काढली. भंगारवाला दारात उभा होता, तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, “मले देऊन द्या त्याले.” तेव्हापासून मी भिंतीच्या या बाजूला, त्यांच्या कोनाड्यात आहे. रुमालासकट. कुलूप तसंच आहे. चावी मात्र पुंडलिकरावांबरोबरच गेली, मागच्या उन्हाळ्यात.

माझ्यात आता आवाज नाही, करकर नाही, काही नाही. तरी काही दुपारी, देवेंद्र क्लासला गेला की, प्रमिलाबाई दार लोटून येतात. मला उचलतात, ताठ उभ्या राहतात.

“हॅलो, साहब. आया था जी. उस शनिवार को यहीं था. मेरी आँख में दवा उसी ने डाली.”

थोडं थांबतात. पलीकडून काही येत नाही. मग रिसीव्हर हळूच ठेवतात, रुमाल नीट करतात, आणि देवेंद्र यायच्या आत त्याचा चहा टाकायला जातात.

माझी तार कुठंच जात नाही. हे मी कोणाला पोचवू? तुम्ही ऐकलंत, तर एवढंच करा. त्या माय-लेकांना एकमेकांपासून लपवलेलं हे कधी सांगू नका; पण रामनगरात कोणी त्याला चोर म्हणालं, तर त्या साहेबाला जे उत्तर मिळायला हवं होतं, ते माझ्या वतीनं तुम्ही द्या.