थंड तवा

तापल्या तव्यावर पडताच बदकाचा तुकडा आकसला आणि वाटीसारखा वाकला. कातडी कडेने काळी पडली. खालची चरबी तशीच पांढरी राहिली.

"गेला," सिद्धू म्हणाला.

शिरवळच्या एका कारखान्याच्या अतिथिगृहात तो मुख्य स्वयंपाकी होता. यंत्र बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने निघण्याआधी कुरकुरीत कातडीचे बदक मागितले होते. पण दुकानदाराने सवयीप्रमाणे बदक सोलायला घेतले. फोन जाईपर्यंत छातीच्या दोनच तुकड्यांवर कातडी उरली होती. त्यातला एक आता जळला.

"दुसरा मला दे," रंगुबाई म्हणाल्या. बारा वर्षे त्या इथे फक्त भाकऱ्या थापत होत्या.

"मावशी, तुमी माळकरी."

"खायचं सोडलंय, शिजवायचं न्हाई."

"आन् चव कोन बघनार?"

"कान हाय की. बिघडला तर सांग, भाकरीवालीनं बिघडवला. परत गॅसकडं बघनार न्हाई मी."

सिद्धू बाजूला झाला.

त्यांनी कातडीला तिरप्या चिरा दिल्या. सुरी मांसाला लागू दिली नाही. धने, मिरे, लवंग आणि सुक्या मिरचीचा भरडा मांसाच्या बाजूला चोळला. कातडीला नुसते मीठ. दुसरा, थंड तवा घेऊन त्यावर कातडी खाली करून तुकडा ठेवला आणि मग गॅस पेटवला, अगदी बारीक.

"तवा तापू द्या की, मावशी."

"आमी माण तालुक्यात मेंढराची चरबी अशीच इतळवतो. घाई केली की वरनं जळती, आतनं तशीच ऱ्हाती."

आधी काहीच ऐकू येईना. मग बारीक चुरचुर सुरू झाली. सुटलेली चरबी त्या पळीने वाटीत काढत राहिल्या. पंधरा मिनिटांनी चुरचुर विरळ झाली, तेव्हा त्यांनी तुकडा उलटला. कातडी सपाट होती, तांबूस. चार मिनिटांनी तो उतरवून तसाच मुरू दिला.

सिद्धू ताट घेऊन गेला. रंगुबाई दाराआड उभ्या राहिल्या. सुरी टेकली आणि कर्रकन आवाज आला. इंजिनिअरने काहीतरी विचारले. सिद्धूच्या इंग्रजी उत्तरातले दोनच शब्द त्यांना कळले. कुक. रंगुबाई.

परत आल्यावर त्याने वाटी उचलली. "ही चरबी वतून देऊ?"

"थांब." त्यांनी ती फडक्यातून बरणीत गाळली. "आमचं मालक मेंढरं घिऊन कोकनात जायचं, तर टाचंच्या भेगांना डबीत भरून द्यायची मी."

मालकांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. बरणीचे झाकण त्यांनी घट्ट लावले.

मग भाकरीच्या पिठाकडे वळल्या, तर परात सिद्धूने स्वतःपुढे ओढली होती.