मटण ओट्यावर राहिलं, दोष माझ्यावर आला

मी एक जुना मायक्रोवेव्ह ओव्हन आहे. कोल्हापुरातल्या एका घराच्या मागच्या गॅलरीत, फुटक्या कुंड्यांच्या शेजारी माझी जागा आहे. माझं दार नीट लागत नाही. पण मित्रांनो, मी बिघडलो म्हणून इथे आलो नाही. इथे आलो आणि मग बिघडलो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात जाळ नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी मी सोडतो, त्यांनी अन्नातलं पाणी तापतं आणि अन्न गरम होतं. १९९९ च्या उन्हाळ्यात बँकेत काम करणाऱ्या प्रसेनजीत नावाच्या माणसाने मला घरी आणलं. त्यांची बायको संघप्रियाताई जयसिंगपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सकाळी लवकर निघावं लागे, म्हणून माझी गरज. घरात तिसरे होते प्रसेनजीतचे वडील, आबा.

पहिल्याच दिवशी शेजारच्या आक्का मला बघायला आल्या. हातात कालवणाचा स्टीलचा डबा होता.

"जाळ न्हाय, धूर न्हाय, आणि तापतंय कसं गं?" असं म्हणत त्या डबा आत ठेवू लागल्या. ताईंनी त्यांचा हात धरला.

"स्टील न्हाय चालत ह्यात आक्का, ठिणग्या उडतील. काचेच्या भांड्यात काढून देतो."

ताईंना माझं सगळं माहीत होतं. माझ्या लहरी जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्या भाजीचे तुकडे सारखे चिरायच्या. झाकण थोडं तिरकं ठेवायच्या, म्हणजे वाफ कोंडत नाही. मध्येच थांबवून ढवळायच्या आणि गरम झालेलं भांडं जरा वेळ तसंच ठेवायच्या. गोठलेलं मांस त्या कधी ओट्यावर ठेवत नसत. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवत. शाळेतून दमून आल्या तरी मला पुसल्याशिवाय झोपत नसत. आबा वाफाळता भात बघून म्हणायचे, "हाटेलात बसल्यागत वाटतंय की!" मला फार बरं वाटायचं. या घरात आपलं कुणीतरी आहे, असं मी समजत होतो.

मग २००३ चा मार्च आला. एका रविवारी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि ताई भावाच्या साखरपुड्याला हुपरीला गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मटण शिजवून त्यांनी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. जाताना बजावलं होतं, "जेवायच्या वेळीच भायेर काढा. मधी ढवळा. वाफ आल्याबिगर आबास्नी वाढू नका."

प्रसेनजीतनी मटण सकाळीच काढून ओट्यावर ठेवलं. तेवढ्यात मित्राची हाक आली आणि ते सामना बघायला गेले. आबांनी दुपारी दूधभाकरी खाल्ली. मटण दिवसभर उन्हाळ्याच्या उकाड्यात तसंच पडून होतं. रात्री प्रसेनजीत बाहेर जेवून, भारत सामना हरल्यामुळे रागात घरी आले. भलंमोठं भांडं माझ्यात कोंबलं, मिनिटभर फिरवलं, ना झाकलं ना ढवळलं.

"मधलं गार हाय रं," आबा म्हणाले.

"चालतंय की आबा, खावा."

मित्रांनो, दिवसभर उकाड्यात राहिलेल्या मटणात जे विष तयार होतं, ते नंतर कितीही तापवलं तरी जाईलच असं नाही. ते माझ्या हातात नव्हतं. पहाटे आबा ओकून ओकून निपचित पडले, तेव्हा त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. घर रिकामं झालं. आबा वाचतील की नाही, हे सांगायला माझ्यापाशी कुणी नव्हतं.

ताई परतल्या त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. भांड्याचा वास घेतला.

"कवा भायेर काढलं हुतं?"

प्रसेनजीत खाली मान घालून म्हणाले, "सकाळी." मग घाईघाईने म्हणाले, "भावकीत कुणाला सांगू नगंस. लोक म्हणतील, पोरानं बापाला शिळं घातलं."

दारात आक्का उभ्या राहिल्या. "कशानं झालं गं हे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"मशीनच बिघडलंय आक्का. आतनं गरमच करंना."

एवढंच बोलल्या त्या. मला रोज पुसणारे हात होते ते. त्याच हातांनी माझी वायर काढली आणि मला गॅलरीत आणून ठेवलं. आबा बरे होऊन आले, पण काठी टेकत. पावसाळ्यात झडीचं पाणी माझ्या अंगात शिरलं. कुणी साधं पोतंही टाकलं नाही.

गॅलरीतून मला स्वयंपाकघरातलं सगळं दिसायचं. दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे आले. उरलेला भात रात्रभर ओट्यावरच पातेल्यात राहिला. प्रसेनजीतनी तो सकाळी गॅसवर चांगला तापवला आणि "आता काय हुतंय" म्हणत आबांना वाढला. दुपारी आबा पुन्हा ओकू लागले. डॉक्टर घरी येऊन गेले. आक्का धावत आल्या आणि ओट्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "आता कुठलं मशीन बिघडलं गं?"

मग ताईंचा आवाज आला.

"मशीन तवाबी बिघडलं नव्हतं. मटण दिसभर भायेर हुतं, त्यातलं विष तापवून जात न्हाय. मला ठाव हुतं आक्का."

आतून आबांचा क्षीण आवाज आला. "मग तवाच बोलली असतीस तर त्यो आज भात घालता का मला?"

ताई रडत गॅलरीत आल्या. मला उचलून आत नेलं, वायर लावली, बटण दाबलं. मी खूप प्रयत्न केला. आतला दिवाही लागला नाही. गंज खोल गेला होता.

त्यांनी पुन्हा मला पुसलं आणि परत इथेच आणून ठेवलं. त्यांना माफ करावं असं मला वाटतं, पण अजून जमलेलं नाही.

मित्रांनो, शिजवलेलं अन्न उघड्यावर ठेवू नका. वेळेत थंड जागी ठेवा आणि खाताना मध्यापर्यंत वाफ येईल असं गरम करा. आणि चूक झाली तर ती कुणाची, कशी, हे त्याच दिवशी सांगा. त्यांनी दोष माझ्यावर घालून मला गॅलरीत टाकलं. चूक मात्र स्वयंपाकघरातच राहिली, आणि ती दुसऱ्यांदाही आबांच्याच ताटात पडली.